पावडरचा रिकामा डबा

स्तनपान सप्ताह आहे म्हणून आज आमच्या सोसायटीत व्याख्यान होतं. चहा, समोसे, 'आईचं दूध अमृत' असा फलक. बाई बोलल्या छान, पण मध्येच म्हणाल्या, "झोपडपट्टीतल्या बायकांना कितीही सांगा, पावडरच पाजणार. अडाणीपणा, दुसरं काय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

आमच्याकडे भांड्याला येणारी ती, गोवंडीची. तिसऱ्या बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर हजर. चार घरं होती, आणि बदली बाई लागली की ती कायमची होते. एके दुपारी सिंकपाशी तिचा ब्लाऊज पुढून भिजलेला दिसला. मी म्हटलं, "अगं, पाणी उडतंय, जपून." ती म्हणाली, "पाणी नाही ताई, पान्हा आलाय. तिची प्यायची वेळ झाली." बाथरूममध्ये जाऊन पिळून आली. पाठोपाठ फरशीवर पाणी ओतल्याचा आवाज. पोर घरी आठ वर्षांच्या बहिणीपाशी, बाटलीवर.

हिला अडाणी म्हणायचं? सहा महिने फक्त अंगावरचं, पाणीसुद्धा नाही, हे अंगणवाडीच्या ताईंनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पाठ करून काय करणार? २०१७ च्या कायद्याने मला २६ आठवडे भरपगारी रजा मिळाली. तिला रजा द्यायची तर ती मी द्यायची, आणि मी विचारलं काय, तर "सोमवारपासून येशील ना?" सरकारच्या मातृवंदना योजनेचे ५००० रुपये तेव्हा पहिल्या बाळापुरते, हे तिसरं.

तिच्या घरी सासू. उन्हातून चालत आलेल्या आईचं दूध तापलेलं असतं, आधी थोडं पिळून टाक, दम खा, मग घे. तोवर पोरगी बाटली पिऊन झोपलेली. दहा बाय बाराची खोली, त्यात दीर, येणारीजाणारी, नजर लागेल म्हणून पदर, पदरात घामाघूम झालेलं बाळ. बरं, चीक पिळून टाकणं, मध चाटवणं हे चूकच, मान्य. पण याच सासूने परवडत नसताना अळीव आणून खीर करून घातली होती. मी साधा ग्लासभर दूधही विचारलं नाही.

आता खरं सांगते. पावडर तिने पहिल्यांदा पाहिली ती माझ्या ओट्यावर. ऑफिस सुरू झाल्यावर माझ्या मुलाला मी वरचं दूध दिलंच होतं. डब्यावर बाळाचं चित्र छापायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. चित्र कशाला हवं, माझा गुटगुटीत मुलगा तिच्यासमोर रांगत होता की! रिकामा डबा "साखरेला होईल" म्हणून मीच तिला दिला. तिच्या वस्तीत तो फळीवर पुढे मांडलेला असायचा. पुढे स्वतःच्या लेकीसाठी तिने तोच विकत आणला, महाग म्हणून चमचे कमी करून, टँकरच्या पाण्यात.

कुणी म्हणेल, काही बायकांना खरंच दूध पुरत नाही. असतं तसंही. हिला मात्र इतकं येत होतं की माझ्या बाथरूमच्या जाळीत जात होतं. याच मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे, आईचं दूध जपून ठेवता येतं हे मला वाचून माहीत होतं. वाचून कशाला, माझं स्वतःचं दूध मी पिशव्यांवर तारखा घालून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. तो फ्रीज सिंकपासून चार पावलांवर. एक स्टीलचा डबा उकळून तिच्या हातात द्यायचं मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे काय, ते दूध माझ्या फ्रीजमध्ये ठेवायला मी हो म्हटलं असतं का, हे आज पहिल्यांदा स्वतःला विचारतेय.

ती लेक आता पहिलीत आहे. संध्याकाळी तिची आई आली तेव्हा सहज विचारलं, "तो मी दिलेला डबा आहे का गं अजून?"

"आहे की ताई, तिखट ठेवते त्यात. का, पाहिजे होता का?"