विश्रामबागवाडा नेमका कुणाचा?

पुण्यात थोरल्या बाजीराव रस्त्यावर समोर वाडा, त्यामुळे तो दुरुस्त करताना कोणता काळ दाखवायचा, हा विषय आपोआप निघतो. मंदारचं म्हणणं एकच, "पेशव्यांचा वाडा आहे, तोच दाखवा. मधली शाळाबिळा पुसून टाका."

शिरीष भडकला. "दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास दोन लाख रुपये घालून बांधला, आणि १८१७ च्या नोव्हेंबरात पुणं सोडलं. जेमतेम दहा वर्षं! १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा आली. तिचंच १८५१ ला पूना कॉलेज, १८६४ ला डेक्कन कॉलेज झालं. ते येरवड्याला गेलं १८६८ ला. सरकारी हायस्कूलही इथलंच. सांग आता, जास्त काळ कुणाचा?"

"दर्शनी सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाची बोंडं, ती मेघडंबरी, हे काय मास्तरांनी कोरलं?"

"नाही. पण १३ मे १८७९ च्या रात्री आग लागली. पेशव्यांचाच दुसरा वाडा, बुधवारवाडा, गेला तो गेलाच, पुन्हा बांधला नाही. इथली पूर्वेकडची बाजू मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभी राहिली. म्हणजे ज्याला तू पेशवाई म्हणतोस त्यातला बराच भाग इंग्रजी अमदानीतला आहे. तोही पुसायचा?"

अण्णा इतका वेळ गप्प होते. जुन्या बांधकामातला माणूस. "कुणाचा ते नंतर ठरवा. आधी भिंत बघा. विटेच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडत नाही, भिंतीतच वर वर सरकते. मग क्षार गिलाव्याच्या मागे साचतात, पोपडे धरतात आणि विटेचा चेहरा पिठासारखा झडतो. चुना ओल सोडतो."

"चुना आता कोण मळतं?" मंदार.

"मळायचाच. कळीचा चुना खड्ड्यात विझवून निदान पंधरा दिवस मुरू द्यायचा. मग एका वाट्याला दोन वाटे वाळू किंवा विटेची सुरखी म्हणजे भुकटी, आणि चुन्याच्या घाण्यात दळायचा. गूळ-बेलफळाचं पाणी, तागाचे तुकडे. घाई केली तर न विझलेले खडे राहतात, ते भिंतीत फुलतात आणि गिलावा फोडतात."

"आणि लाकूड?" शिरीष.

"सागाला मधे सहसा काही होत नाही. कुजतं ते भिंतीत गेलेलं तुळईचं टोक आणि खांबाचा पाय. टोकाला आर, म्हणजे अणकुचीदार टोच्या, टोचायची. सहज आत गेली की समजायचं. तेवढंच कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडायचा, अख्खी तुळई बदलायची नाही. खांबाचं आणखी वेगळं. पूर्वीच्यांनी तो दगडी तळखड्यावर उभा केला, लाकूड ओलीपासून वर राहावं म्हणून."

"मग तरी का कुजतो?"

"जुन्या जमिनीवर फरशी, तिच्यावर आणखी फरशी. तळखडा गाडला जातो, लाकूड जमिनीला टेकतं, वाळवीला शिडी मिळते. वरची फरशी काढा. ते जमत नसेल तर निदान तळखड्याच्या चारी बाजूंनी वीतभर मोकळं ठेवा, आणि तिथे सिमेंट ओतू नका."

"आणि पाटीवर काय लिहायचं?" मंदारने पुन्हा विचारलंच.

"१८०७ लिही, त्याखाली १८२१ लिही," शिरीष म्हणाला. "आणि १८७९ मोठ्या अक्षरात."