जबड्याच्या गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो?

‘जबड्यातल्या गाठीचा तुकडा काढू देऊ नका, कॅन्सर पसरतो. दुखत नसेल तर गाठ साधीच असते. तंबाखू न खाणाऱ्याला तर भीतीच नाही.’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यावर विसंबून पेशंट तपासणी लांबवतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी ‘दुखत नाही म्हणजे साधी’. ओडोन्टोजेनिक मिक्सोमा ही दात घडवणाऱ्या पेशीजालातून होणारी जबड्यातली दुर्मीळ गाठ बहुधा विशी-तिशीत होते आणि सहसा दुखत नाही. ती कॅन्सर नाही, पण तिला वेष्टन नसतं. जेलीसारखा बुळबुळीत भाग हाडाच्या पोकळ्यांत शिरत जातो, जबडा फुगतो, दात हलू लागतात. नुसती खरवडून काढली तर साधारण चौघांतल्या एकाला ती परत होते. म्हणून मोठी गाठ भोवतालच्या १ ते १.५ सेंमी निरोगी हाडासकट काढतात आणि पुढे निदान ५ वर्षं तपासत राहतात.

आता बायोप्सी. तुकडा घेतल्याने साधी गाठ कॅन्सर होत नाही. सार्कोमाची (हाड, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरची) शंका असेल तर छेद कुठे घ्यायचा हे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावं, कारण तो मार्गही नंतर गाठीबरोबर काढावा लागतो. खरी भीती रक्तस्रावाची, कारण गाठ रक्तवाहिन्यांचीही असू शकते. हाडातल्या गाठीत आधी १८ नंबरची सुई घालून ओढून पाहतात. लालभडक रक्त सिरिंजमध्ये आपोआप चढू लागलं तर तिथेच थांबायचं आणि सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करायची.

तुकडा सडलेल्या पृष्ठभागावरून घेतला तर रिपोर्टमध्ये नुसती सूज येते. तो खोलातून हवा. तो १०% फॉर्मलिनमध्ये (पेशी टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवावा; द्रावण तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट हवं. सलाइनमध्ये पाठवला तर पेशी खराब होतात. आणि सोबत एक्स-रे द्यायलाच हवा! न उगवलेल्या दाताभोवतीची निरोगी पिशवी सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मिक्सोमासारखी दिसते. एक्स-रे न पाहता निदान झालं तर एखाद्या मुलाचा चांगला जबडा कापला जाऊ शकतो.

तंबाखूचं म्हणाल, तर लहान मुलांतल्या रॅब्डोमायोसार्कोमाचा (स्नायूसारख्या पेशींच्या कॅन्सरचा) तिच्याशी संबंध नाही. ही गाठ झपाट्याने वाढते, कधी ओठ बधिर होतो. तुकड्यावर डेस्मिन आणि मायोजेनिन या स्नायूंच्या प्रथिनांच्या चाचण्या करून निदान पक्कं होतं. मग विन्क्रिस्टिन, अ‍ॅक्टिनोमायसिन-डी, सायक्लोफॉस्फमाइड ही केमोथेरपी, जोडीला शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा दोन्ही. मुलाचा हलणारा दात काढल्यावर खळगा भरण्याऐवजी त्यातून मांस वर येऊ लागलं, तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स देऊन वाट पाहू नका. त्याच आठवड्यात बायोप्सी करून घ्या.