हरकती व सूचना: मंगळवार, सकाळी साडेअकरा

मंगळवार, सकाळी साडेअकरा. सुनावणीसाठी ही वेळ ज्याने कुणी शोधून काढली त्याचा जाहीर सत्कार करा. शाल, श्रीफळ, सगळं आणा, वर्गणी मी देतो. मंगळवारी साडेअकराला आमच्या वसाहतीतली नोकरदार माणसं ऑफिसात असतात, कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन बाजारात, पोरं कॉलेजात. मोकळी असतात ती फक्त निवृत्त मंडळी आणि बिल्डरची माणसं. आणि निवृत्त मंडळींना दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात चढून जायचं असतं, लिफ्ट बंद.

विषय आमच्या सेक्टरमागच्या तलावाचा. ठाणे खाडीच्या पूर्वेला राहतो आम्ही. खाडी, मग तिवरांचा पट्टा, मग हे उथळ पाणी, मग जॉगिंग ट्रॅक, मग आम्ही. त्या पाण्याच्या काठावर, खरं तर अर्ध्या पाण्यातच, टॉवर यायचेत. त्यासाठी जागेचं आरक्षण बदलायचं आहे, 'ना-विकास क्षेत्रा'तून 'निवासी' क्षेत्रात. आणि असा बदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे लोकांना विचारावं लागतं. महिनाभर मुदत देऊन हरकती व सूचना मागवाव्या लागतात. तर त्यांनी आम्हाला विचारलं. कसं विचारलं, ते ऐका.

नोटीस दोन वर्तमानपत्रांत आली होती म्हणे. त्यातल्या एकाचं नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. आमच्या पेपरवाल्यानेही ऐकलेलं नाही, आणि तो माणूस पहाटे चार वाजता स्टेशनबाहेर सगळे गठ्ठे स्वतःच्या हाताने सोडतो. मला नोटीस कळली ती व्हॉट्सअॅपवर, कुणीतरी कुणाच्या तरी ग्रुपवरून पुढे पाठवलेली, तिरकी, अर्धी सावलीत. आख्ख्या मजकुरात 'तलाव' हा शब्द नाही. 'पाणी' हा शब्द नाही. मौजे अमुक, सर्वे नंबर तमुक पैकी, क्षेत्र इतके चौरस मीटर. 'पैकी' हा या राज्यातला सर्वांत धोकादायक शब्द आहे असं माझं प्रामाणिक मत झालंय. मुदत मोजायची नोटिशीच्या तारखेपासून. मला कळलं तेव्हा ११ दिवस उरले होते, त्यात दोन शनिवार, दोन रविवार आणि एक सणाची सुट्टी.

'नकाशा कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी उपलब्ध आहे.' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कधी तो नकाशा बघायला जाऊन दाखवावं. पहिल्या खेपेला साहेब साइटवर. दुसऱ्या खेपेला साहेब होते, पण कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तिसऱ्या खेपेला किल्ली मिळाली, कपाट उघडलं आणि नकाशा कपाटात नव्हताच. तो कपाटाच्या मागच्या भिंतीवर लावलेला होता. तिथे मान तिरकी करून, मोबाइलचा टॉर्च लावून मी आमचा तलाव शोधला. जॉगिंग ट्रॅक होता, त्याच्या कडेच्या झाडांचे हिरवे ठिपकेसुद्धा मोजून मारले होते. तलावाच्या जागी कोरा पांढरा कागद. आजूबाजूच्या नाल्यांना निळा रंग आहे, तलावाच्या वाट्याला आला तेव्हाच संपला असणार. फोटो काढायला मोबाइल वर केला तर शिपाई म्हणाला, "फोटो अलाऊड नाही." का? "वरून आदेश." लेखी आहे का आदेश? तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच त्याच्याकडे फ्लॅट मागितला.

आता कुणी म्हणेल, एवढं काय, पर्यावरणाची जनसुनावणी होईलच की, तिथे बोला. नाही होणार! मलाही हे साठीला टेकल्यावर कळलं. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत जनसुनावणीची पद्धत व्यवस्थित लिहिलेली आहे. ३० दिवसांची सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, सगळ्याचं चित्रीकरण, अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत. वाचताना छान वाटतं. मग पुढे कुणाला ही सुनावणी लागत नाही त्याची यादी येते आणि तिच्यात इमारती, बांधकाम प्रकल्प, टाउनशिप सरळ बसवलेत. खाण काढायची तर गावाला विचारा, कारखाना काढायचा तर विचारा, पण खाडीच्या उशाशी टॉवर उभे करायचे तर शेजाऱ्याला विचारायची गरज नाही. २०,००० चौरस मीटरच्या आतलं बांधकाम असेल तर त्या अधिसूचनेखालची मंजुरीच लागत नाही. म्हणजे आमच्या हातात उरली ती एकच खिडकी, कलम ३७ ची, आणि ती कपाटामागे.

बरं, मंगळवारी गेलो. अर्धा दिवस रजा टाकली. सभागृहात लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या तीन रांगा आधीच भरलेल्या. एकसारख्या पांढऱ्या शर्टातली तरुण मुलं. त्यातल्या एकाला विचारलं, कुठल्या सेक्टरला राहतोस? तर म्हणाला, "अंकल, आम्ही सपोर्टला आलोय." कशाच्या सपोर्टला ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. दोन माणसं वडापावचे बॉक्स वाटत होती. मला नाही दिला. घेतला नसता, पण दिलाच नाही याचाही राग आहे.

प्रत्येकाला दोन मिनिटं. प्रकल्पाच्या सल्लागार साहेबांना मात्र स्क्रीन, रिमोट आणि चाळीस मिनिटं. त्यांनी आमच्या तलावाचा फोटो दाखवला. भेगाळलेली जमीन, मध्ये एक कुत्रं. "ॲज यू कॅन सी, ही जागा कोरडी आहे." फोटो मे महिन्यातला. भरतीचं पाणी आत आणणारा पाइप फेब्रुवारीत राडारोड्याने बुजला, त्याची तक्रार मी स्वतः मार्चमध्ये दिली होती, शिक्का मारलेली प्रत खिशात होती. नळ बंद करायचा, घागर रिकामी दाखवायची आणि म्हणायचं, बघा, या घरात पाणीच नाही. मी उभा राहून ते म्हणालो तर अध्यक्ष म्हणाले, "तुमचा नंबर सतरा आहे, आता चौथा चालू आहे."

सोळाव्या नंबरला कोळीवाड्यातले एक आजोबा होते. त्यांनी दोन मिनिटंही घेतली नाहीत. "भरतीचं पानी कुनाला इचारून येतं काय?" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लिहून घेणाऱ्या मुलीने वर बघून विचारलं, "हरकत लिहू की सूचना?"

मग आला तो जुना हुकमी पत्ता. ही पाणथळ जागा नाहीच, हा माणसाने बांधलेला धारण तलाव आहे. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. २०१७ चे पाणथळ जागांचे नियम मी घरी तीन वेळा वाचलेत, चष्मा बदलून वाचलेत. व्याख्येतून वगळलंय काय? नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक, सिंचन यांच्यासाठी मुद्दाम केलेली बांधकामं. पावसाचं पाणी धरून ठेवायला ठेवलेला तलाव मला त्या यादीत दिसला नाही. आणि समजा, माणसानेच बांधला. कशासाठी बांधला? कारण हा सगळा भाग भरतीच्या पाण्याच्या जेमतेम पातळीला आहे. मोठी भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते या तलावात थांबतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. तलाव भरून टाका, मग तेच पाणी थांबायला आमच्या पार्किंगमध्ये येईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे आठवणारी माणसं अजून जिवंत आहेत हो. म्हणजे पाणथळ नाही म्हणून वाचवायचं नाही, आणि पूर धरणारा आहे म्हणूनही वाचवायचं नाही. मग वाचवायचं कधी, लग्नाच्या हॉलचं भाडं देऊ लागला की?

यावर सल्लागार साहेब गोड हसून काय म्हणाले असतील? "सर, तुमची बिल्डिंगसुद्धा भरावावरच आहे ना?" पुढच्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या.

आहे. भरावावरच आहे. चौऱ्याण्णव साली घर घेताना मी विचारलं नव्हतं की खाली काय होतं. परवडत होतं, घेतलं. मिठागर होतं की खाजण, आजही मला ठाऊक नाही, आणि हे मला लागतं. पण म्हणून काय? माझ्या बापाने उधारी केली म्हणून मी दरोडा घालावा? पुरापासून वाचवायला हे तलाव शिल्लक ठेवूनच आमचा भराव झाला होता, तोच हिशेब होता. आता हिशेबातली शिल्लक खायला निघालेत आणि वर मलाच विचारतात, तू जेवलास ना?

आणि रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं काय? ठाणे खाडीचा जवळपास १,६९० हेक्टर पट्टा २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेली. इराणमधल्या ज्या गावावरून त्या यादीला नाव पडलं तिथला करार १९७१ चा. केवढा मान! चौकात गुलाबी पुतळे, उड्डाणपुलाखाली गुलाबी चित्रं, फ्लायओव्हरच्या खांबालाही एका पायावर उभं केलंय. पण तो पक्षी जगतो कसा हे एका माणसाने बघू नये? ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथे चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग ते काठावरच्या उथळ तलावांत येऊन बसतात, पुढच्या ओहोटीपर्यंत. अभयारण्याची रेघ ओढली चिखलापर्यंत, आणि बसायच्या जागेचा भूखंड पाडला. ताट ठेवलं आणि पाट काढून घेतला. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेत चाळीसेक रोहित मेले, तेव्हा दोन दिवस सगळे हळहळले. ते त्या वेळी तिकडे का उडत होते यावर तज्ज्ञ भांडोत. मला एवढंच दिसतं की आमच्या तलावावर पूर्वी भरतीला गुलाबी चादर असायची आणि यंदा मी मोजले, एकवीस.

कायदा नाही असं नाही. २०१७ च्याच नियमांत पाणथळ जागेत, गेल्या १० वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरपर्यंत पक्कं बांधकाम चालत नाही, बोटींचा धक्का सोडून. तिवरांची कांदळवनं तोडणं हा जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि इमारतींसाठी केलेला जमीन-वापराचा बदलही त्याच न्यायालयाने रद्द केला. म्हणजे लढलं तर होतं. पण दर वेळी साध्या माणसाने वकील करून हायकोर्टात जायचं आणि तोवर इकडे रात्री दोन वाजता राडारोड्याचे डंपर येत राहायचे, ही कुठली व्यवस्था? डंपरची तक्रार करायला फोन केला तर एक कचेरी म्हणते हद्द दुसऱ्यांची, दुसरी म्हणते जमीन तिसऱ्यांची, आणि तिसरीकडे फोन उचलायला माणूसच नाही. डंपरवाल्याला मात्र अंधारात, नंबरप्लेटवर चिखल फासून, हद्द बरोबर सापडते.

काल टपालाने उत्तर आलं. तीन ओळी. 'उपरोक्त विषयान्वये आपल्या हरकतीचे अवलोकन केले असता त्यात नवीन मुद्दा आढळून येत नाही. सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' नऊ पानं लिहिली होती मी. नकाशा जोडला होता, पाइप बुजल्याचे फोटो, तारखांसकट. पाकिटावर माझं आडनाव चुकलंय आणि पत्रावर तारीख सुनावणीच्या आदल्या दिवसाची आहे. आदल्या दिवसाची! निदान दोन दिवस थांबायचं तरी नाटक करा रे.

त्या पत्राची झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेलो तर दुकानदाराने काउंटरखालून एक कागद काढून दिला. "काका, हे तुमच्याच कामाचं दिसतंय." शेजारच्या भूखंडाची नोटीस. सर्वे नंबर तमुक पैकी. हरकती व सूचना. मंगळवार, सकाळी साडेअकरा.

रजेचा अर्ज टाकलाय. डबा घरून नेणार आहे.