गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ
गेज म्हणजे पत्र्याची किंवा तारेची जाडी, एवढंच सहसा सांगितलं जातं. दुकानातला घोटाळा त्याच्या पुढे सुरू होतो. आकडा वाढेल तसा पत्रा किंवा तार पातळ. तारेच्या ब्रिटिश कोष्टकात १८ गेज म्हणजे १.२१९ मिमी, अमेरिकी कोष्टकात तेच १.०२४! म्हणून पुण्याच्या बोहरी आळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, माल घेताना मिलिमीटरच सांगा आणि मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं उपकरण) लावून बघा. कापलेल्या कडेला बर, म्हणजे कापताना वर आलेली खरखरीत धार, असते, तिथे माप जाड येतं; सेंटिमीटरभर आत मोजा.

गेज या शब्दाचे दुसरेही अर्थ आहेत. रुळांचं गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर: पुणे स्टेशनात १६७६ मिमी, मेट्रोला १४३५. टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतं. टायर थंड असतानाच बघा, गाडी पळवून आल्यावर आकडा चढलेला असतो.