शंभर कामगारांची अट आणि ‘आपोआप’ येणारं कौशल्य

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘शंभर कामगार झाले की सरकारला विचारल्याशिवाय कुणाला काढता येत नव्हतं, म्हणून आपले कारखाने छोटे राहिले. नव्या संहितेने मर्यादा 300 केली. आता कारखाने वाढतील आणि कामगारांचं कौशल्यही आपोआप वाढेल.’ ही संहिता म्हणजे 2020 ची औद्योगिक संबंध संहिता, कामगार कपातीचे नियम ठरवणारा कायदा.

‘म्हणून कारखाने छोटे राहिले’
2013-14 च्या आर्थिक गणनेत देशात 5.85 कोटी आस्थापना मोजल्या गेल्या (दुकानं, सेवा सगळं धरून) आणि त्यांत काम करणारे होते सुमारे 13 कोटी. सरासरी काढा, एका ठिकाणी जेमतेम सव्वादोन माणसं. एवढ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या वर्कशॉपच्या मालकाला शंभराव्या कामगाराची धास्ती कशी असेल? भांडवल, जागा आणि थकलेली बिलं, यांतच त्याचा जीव अडकलेला असतो.

अटीचा परिणाम शून्य, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये 50 कामगारांपासून नियमांचा बोजा वाढतो आणि 49 वरच थांबलेल्या कंपन्यांची तिथे खरोखर गर्दी दिसते.

‘कुणाला काढता येत नव्हतं’
ही अट फक्त कारखाने, खाणी आणि मळ्यांना होती. शिवाय 1976 मध्ये ती आली तेव्हा मर्यादा 300 च होती, 100 वर ती नंतर आली. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘कौशल्य आपोआप वाढेल’
खरी गोम इथे आहे. नोंदणीकृत कारखान्यांतले 40 टक्क्यांच्या आसपास कामगार आज ठेकेदाराचे आहेत. कंपनीच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं. गेटपास परत घेतला की विषय संपला. काढण्याची मुभा एवढी असताना यांचं कौशल्य एव्हाना आकाशाला भिडायला हवं होतं!

सीएनसी मशीनवर (संगणकाच्या हुकमाने धातू कापणारं यंत्र) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावणं-काढणं नवखा लवकर शिकतो. पण टूल झिजायला लागलं हे कटिंगच्या आवाजावरून ओळखणं, माप सरकलं तर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) किती द्यायचा ते ठरवणं, यासाठी सेटरच्या (मशीन जुळवून देणाऱ्या जाणत्या कामगाराच्या) हाताखाली बराच काळ काढावा लागतो आणि त्यात चार जॉब रिजेक्टही होतात. ज्याला काही महिन्यांत ब्रेक द्यायचाय, त्याच्यासाठी हा खर्च कुठला मालक करेल? आणि कामगार तरी का जीव लावेल?

नव्या संहितेत कौशल्यासाठी निधी आहे, हे खरं. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्यात 15 दिवसांचा पगार भरायचा. म्हणजे शिकण्याचे पैसे मिळणार, ते कामावरून काढल्यावर.