राहिलेलं काम राहिलेलंच कसं ठेवावं

वर्षानुवर्षं राहून गेलेलं या वर्षी करायचंच, असा एक ग्रुप ओळखीतल्या एकाने काढला आणि मला न विचारता ॲड केलं. तिथला कारभार बघून पटलं की काम राहू द्यायला पण कसब लागतं. ते तुम्हालाही यावं म्हणून लिहितेय.

आधी जाहीर करा. काम सुरू करायच्या आधी, हे महत्त्वाचं. एकाने 'गिटार शिकणारच' असं टाकलं, खाली अंगठे, टाळ्या, आग, माणूस तिथेच तृप्त. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हेच प्रयोगातून दाखवलं, मी अमुक होणार हे चारचौघांनी ऐकून घेतलं की त्यासाठीची मेहनत कमी होते, कारण झाल्याचं थोडं समाधान आधीच मिळालेलं असतं.

मग सामान घ्या. गिटार आली, मग पट्टा, मग ट्यूनर, मग स्टँड. प्रत्येकाचा फोटो. गिटारच्या तारांखालचं प्लास्टिक अजून तसंच आहे, झूम केलं की दिसतं.

सोमवारच धरा. मंगळवारी सुरू केलेलं काही लागू पडत नाही.

आणि 21 दिवसांवर श्रद्धा ठेवा. 21 दिवस केलं की सवय लागते, हा मेसेज ॲडमिन रोज सकाळी टाकतो. आता हे आलं कुठून, तर मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस जातात. लोकांनी पुढे ढकलता ढकलता 'किमान' गळून पडलं, चेहरा गळून पडला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली या संशोधिकेने 96 जणांवर खरंच बघितलं तेव्हा मधला आकडा निघाला 66, आणि अंतर कुठून कुठे, तर 18 पासून 254 दिवसांपर्यंत. शिवाय एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं काही बिघडत नाही, हेही त्यातच आहे. पण आमच्या ॲडमिनचा नियम काय, एक दिवस चुकला की परत 'डे वन'. ग्रुपात एक बाई होती, लग्नाआधी सुटलेली पदवी पूर्ण करायला बसलेली, पोरं झोपली की रात्री अभ्यास करायची. पोराला ताप आला, दोन रात्री पुस्तक उघडलं नाही, तिने प्रामाणिकपणे तसं सांगितलं, तर या शहाण्याने सगळ्यांसमोर तिला शून्यावर आणलं, वर लिहिलं 'कारणं देणारे मागे राहतात'. ती त्याच रात्री ग्रुप सोडून गेली. आणि खाली ढीगभर अंगठे, आग! अरे, काय चाललंय काय तुमचं? त्या ग्रुपात खरंच काही करत असलेलं एकच माणूस होतं आणि तुम्ही तिलाच हाकललंत. तुम्ही स्वतः काय केलंत? मेसेज पुढे ढकललेत.

तुम्हीही असेच अंगठे देत बसत असाल तर सरळ सांगते, फोन ठेवा आणि तुमचं जे काय राहिलंय ते काढून बसा. काल नाही बसलात? नका सांगू कोणाला, आज बसा. आणि दुसऱ्याचे दिवस मोजायला तुम्हाला कोणी नेमलंय?