फक्त मेपर्यंत

अभिनंदन! धायरीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, उरलेले मोतीचुराचे लाडू डब्यातून सदाशिव पेठेतल्या जुन्या घरी आले आणि लाडवांच्या मागोमाग तुम्हीही आलात. साहजिकच आहे. लेकीची शाळा नोव्हेंबरात कशी बदलणार? आईचा सगळा गोतावळा पेठेत. शिवाय नव्या घरात पंखे लागायचेत, आणि हप्ता मात्र पस्तीस हजारांच्या घरात सुरू झालाय. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "नुसतं कुलूप लावून ठेवण्यापेक्षा द्या की कुणाला, तात्पुरतं."

"फक्त मेपर्यंत," तुम्ही म्हणालात.

कुठल्या सालचा मे, ते कुणी विचारलं नाही. इथूनच तुमच्या यशाची सुरुवात होते, आणि ते टिकावं म्हणून अनुभवी माणसाचे चार शब्द ऐकून ठेवा.

आधी पुण्याच्या मिळकतकराची गंमत समजून घ्या. (मुंबईकर याला मालमत्ता कर म्हणतात. तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो २०२२ पासून माफच आहे, त्यामुळे दादरच्या आतेभावाशी या विषयावर बोलायला जाऊ नका, उगाच जिवाला लागतं.) आपल्याकडे हा कर ठरतो तो घरातून वर्षाकाठी किती भाडं येऊ शकेल या अंदाजावरून. त्यालाच वार्षिक करपात्र मूल्य म्हणायचं. म्हणजे घर भाड्याने देण्याचा विचार तुमच्या आधी महापालिकेनेच करून ठेवलेला असतो. पण मालक स्वतः राहत असेल तर त्याच्याकडून भाड्याचा हिशेब कसला मागायचा, म्हणून १९७० साली पुणे महापालिकेने ठराव केला आणि अशा घरमालकाला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत दिली. पुण्यातल्या माणसाला 'मी स्वतः राहतो' या वाक्याची पैशात किंमत कळली ती तेव्हापासून.

मधल्या काळात लेखापरीक्षणात या सवलतीवर बोट ठेवलं गेलं, राज्य सरकारने ती काढून घेतली, आणि १ एप्रिल २०१९ पासून ज्यांची नव्याने आकारणी झाली त्यांना पूर्ण बिलं आली. आरडाओरड झाली, मोर्चे निघाले, निवडणुकाही आल्या. २०२३ मध्ये सवलत परत मिळाली. पण या खेपेला एक मेख होती: नवीन मालकाने स्वतः राहत असल्याचे पुरावे जोडून पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा. सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं कार्ड असलं काहीबाही. पहिली मुदत १५ नोव्हेंबर २०२३ होती. पुण्यात मुदत ही पुढे ढकलण्यासाठीच असते, त्याप्रमाणे तीही ढकलली गेली.

आता तुमचा प्रश्न असा, की धायरीत राहतात ती तीन मुलं, कॉलेजवाली, आणि 'स्वतः राहतो' असं लिहून द्यायचंय तुम्हाला. लाजू नका. 'स्वतः' या शब्दाकडे जरा मोठ्या मनाने बघायला शिका. मनाने तुम्ही तिथेच असता की नाही? दर पाच तारखेला तर देहानेही असता.

सवलत गेली तर बिल ४० टक्क्यांनी वाढेल अशी बहुतेकांची समजूत असते. तसं नाही. साठाचे शंभर होतात, म्हणजे बिल दोन तृतीयांशाने फुगतं. समजा सवलतीसह ९,००० येत असतील, तर ते १५,००० होतील. वर्षाला ६,००० जास्त. महिन्याला पाचशे. घराचं भाडं २२,००० येतंय हे खरं, पण पाचशे म्हणजे पाचशे. एका शनिवारी बाहेर जेवायला गेलात तर याच्या तिप्पट उडतात. पण तो आनंद वेगळा, आणि सरकारला पाचशे देण्याचं दुःख वेगळं. तेव्हा हे पाचशे वाचवण्यासाठी माणसाने काय काय करावं, ते आता बघू.

पहिली पायरी सोसायटीची. घर भाड्याने दिलं की सोसायटी जो आकार लावते त्याला म्हणतात बिनभोगवटा शुल्क. घर रिकामं पडून धूळ खात होतं तोवर हे शुल्क नव्हतं. तीन तरणी पोरं त्याचा दिवसरात्र भोगवटा करू लागली की लागलंच. असो. कायद्याने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे दोन हजारांवर दोनशे. जवळचे नातेवाईक राहत असतील तर तेही नाही. तेव्हा सेक्रेटरींना सांगून टाका, "भाचे आहेत, शिकायला आलेत." एक लातूरचा, एक अकोल्याचा, एक पाटण्याचा. तिघेही भाचे. बहिणी लांब लांब दिल्यात म्हणावं.

सेक्रेटरी सुज्ञ असतात. या भाच्यांकडून ते बाईकच्या पार्किंगचे पैसे घेतात, त्यामुळे तिघांची आडनावं त्यांना तुमच्याआधी पाठ झालेली असतात. तरी ते मान डोलावतील आणि 'सदर सदनिकेत मूळ मालक राहतात' असं पत्र लेटरहेडवर टाइप करून, गोल शिक्का मारून देतील. चेहरा अगदी सरळ ठेवून देतील. त्यांचाही खराडीत एक फ्लॅट आहे. तिथेही भाचेच राहतात.

दुसरी पायरी करारनाम्याची. इथे मात्र चूक करू नका, करारनामा रीतसर नोंदवा. अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, असं सांगणारा एक मामा प्रत्येक लग्नात भेटतो. त्याला पंगतीत दूर बसवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स लेखी हवं, नोंदवलेलं हवं, आणि ती जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय भांडण झालं तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, समोर उलटा पुरावा येईपर्यंत. मुद्रांक शुल्क पाव टक्का. तुमच्या भाड्याला आणि साठ हजारांच्या डिपॉझिटला ते सातशेच्या आत बसतं, वर नोंदणीचे हजार. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच येतो. तुम्ही सोफ्यावर बसून अंगठा टेकवता, यंत्र दोनदा नाही म्हणतं, वहिनी अंगठा पदराला पुसायला सांगतात, तिसऱ्यांदा लागतो. झालं. आपण धायरीच्या घरात राहत नाही आणि तिथे दुसरेच तिघे राहतात, हे तुम्ही आधार कार्डासकट सरकारदरबारी नोंदवून मोकळे. शिवाय भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात कळवायची असते, तीही तुम्ही कळवलीत. शाबास.

आता संध्याकाळी निवांत बसा आणि पीटी-३ वर लिहा: 'मी स्वतः राहतो.'

तिसरी पायरी आयकराची, आणि तिथे तर तुम्ही स्वतःहून, उत्साहाने, घर भाड्याने दिलंय असं सांगणार आहात. सांगाच. फायद्याचं आहे. जुन्या कररचनेतला हिशेब मांडून बघा. वर्षाचं भाडं २,६४,०००. त्यातून महापालिकेला भरलेला मिळकतकर वजा. उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजा; भिंतीला रंग दिलात का, नळ बदललात का, कुणी पावती मागत नाही. मग कर्जाचं व्याज. चाळीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी असेल तर पहिल्या वर्षाचं व्याज सव्वातीन लाखांच्या वर. बेरीज-वजाबाकी केलीत की उत्पन्न उणे एक लाख साठ हजारांच्या आसपास निघतं. हा तोटा पगारातून वळता होतो. स्वतः राहिला असतात तर व्याजाचे जास्तीत जास्त दोन लाख वजा झाले असते. म्हणजे अडीच लाखांच्या वर भाडं हातात पडलं आणि करपात्र उत्पन्नात भर पडली ती जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास. इतका कनवाळू कायदा शोधून सापडायचा नाही. सीएने ही शीट दाखवली तेव्हा तुमचे डोळे पाणावले होते, मी बघितलंय.

एकच बारीकशी अडचण आहे. त्या शीटमध्ये मिळकतकराची पूर्ण रक्कम वजा होते, सवलत न घेता भरलेली असली तरीही. म्हणजे ते जास्तीचे ६,००० भरले असतेत, तर त्यातले हजारभर आयकरातच सुटले असते. महिन्याला पाचशे वाचवतो म्हणत होतात, ते खरे चारशेच्या आसपास निघाले. हे वहिनींना सांगू नका.

आणि हो, आयकराला 'तात्पुरतं' हा शब्दच ठाऊक नाही. वर्षात एकच महिना भाड्याने दिलंत तरी ते घर त्या वर्षापुरतं भाड्याचंच. तुमच्या 'फक्त मेपर्यंत' या वाक्याला तिथे रकाना नाही.

राहिलं तुमचं ऑफिस. तिथे तुम्ही घरभाडे भत्ता घेता, कारण पेठेतलं घर बाबांच्या नावावर आहे आणि तुम्ही बाबांना भाडं देता. दिलं आणि बाबांनी आपल्या विवरणपत्रात दाखवलं, तर त्यात वावगं काही नाही. दर मार्चमध्ये पावतीपुस्तक निघतं, बाबा चष्मा शोधतात, बारा पावत्यांवर एका बैठकीत सह्या करतात आणि विचारतात, "हे पैसे नक्की येतात का रे माझ्याकडे?"

आता जरा एकत्र पाहू. महापालिकेला तुम्ही धायरीत राहता. ऑफिसला तुम्ही सदाशिव पेठेत भाड्याने राहता. आयकर खात्याला धायरीत भाडेकरू राहतात. सोसायटीला तिथे भाचे राहतात. एक माणूस, एक फ्लॅट, चार कार्यालयं, चार कहाण्या, आणि साठाउत्तराला पाचशे रुपये. बरं, यातल्या तीन कहाण्यांवर तुमची सही आहे आणि पहिलीच्या पत्रावर सोसायटीचा गोल शिक्काही.

घाबरायचं कारण नाही. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात जात नाही, ही आपल्या लोकशाहीची जुनी परंपरा आहे. अधूनमधून मात्र ती मोडते. मध्यंतरी महापालिकेने मिळकतींचं जीआयएस सर्वेक्षण केलं, माणसं दारोदार फिरली, आणि हजारो घरांमध्ये 'स्वतः' सापडलाच नाही. सवलती निघाल्या, मागच्या वर्षांच्या फरकासह बिलं आली. थकबाकीवर शास्ती महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. ठेवीवर एवढं व्याज देतो असं कुणी म्हणाला असता, तर त्याच्यावर पोलिसांत तक्रार केली असतीत. थकबाकी फारच तुंबली तर दारासमोर बँड वाजवण्याची पद्धतही आपल्या महापालिकेत आहे. तुमच्या बाबतीत मात्र तो नेमका कुठल्या दारासमोर वाजवावा, यावर त्यांना बैठक घ्यावी लागेल.

सरळ मार्गही आहे, नाही असं नाही. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन, घर भाड्याने दिलंय असं लेखी कळवायचं, पूर्ण बिल भरायचं, आणि खरंच राहायला गेलात की पीटी-३ भरून सवलत मागायची. या मार्गाने गेलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. काउंटरवरच्या बाईंनी त्याचा अर्ज दोनदा वाचला, शेजारणीला दाखवला, आणि मग काळजीने विचारलं, "काका, सगळं ठीक आहे ना घरी?"

तुम्ही तसलं काही करणार नाही, म्हणून शेवटची तयारी सांगतो. दारावर तुमच्या नावाची पाटी लावा. तुळस ठेवा, पाणी मुलं घालतील असं समजू नका, प्लास्टिकची ठेवा. शूजच्या रॅकमधले अकरा जोड आत घ्यायला लावा. आणि मुलांकडून पाठ करून घ्या: मी भाचा, मामा बाहेर गेलेत, संध्याकाळी येतील.

मंगळवारी साडेअकराला बेल वाजेल. खांद्याला टॉवेल, तोंडात ब्रश अशा अवतारात लातूरचा भाचा दार उघडेल. बाहेर पेठ निरीक्षक, हातात फाइल. मुलगा ब्रश काढून, न अडखळता म्हणेल, "मी भाचा. मामा बाहेर गेलेत, संध्याकाळी येतील." निरीक्षक मान डोलावतील. तुळशीकडे बघतील, तिचं एक पान चिमटीत धरून बघतील. मग फाइल उघडून सहज विचारतील, "बरं, मामांचा फोन नंबर देतोस?"

मुलगा मोबाइल काढेल, शोधेल आणि मोठ्या विश्वासाने स्क्रीन त्यांच्यासमोर धरेल. तिथे तुमच्या वास्तुशांतीतला फेट्यातला फोटो असेल, आणि त्याखाली नाव: 'रूम ओनर, ५ तारीख'.